सोन्यावरचं नाव

बँकेच्या नोकरीतली माझी काही वर्षं बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यातल्या एका खेड्यातल्या शाखेत गेली. मृग तोंडावर आला की सोनेतारण कर्जासाठी शाखेत गर्दी व्हायची. बियाणं, खत, मजुरी, सगळं एकदम अंगावर यायचं आणि घरातली शिल्लक म्हणजे घरच्या बाईच्या अंगावर असेल तेवढीच. लुगड्याच्या ओच्यातून, धान्याच्या कोठीतून काढलेल्या पुरचुंड्या माझ्या टेबलावर सुटायच्या. बँकेने नेमलेला सराफ डाग कसोटीवर घासायचा, तेजाबाचा थेंब टाकायचा, काट्यावर ठेवायचा आणि आकडे सांगायचा. मी ते रजिस्टरात उतरवायचे. डागाचं वर्णन, एकूण वजन, निव्वळ वजन, कस, किंमत. मग पाकीट, लाखेचा शिक्का आणि तिजोरी.

त्या रजिस्टरात एका गोष्टीसाठी मात्र रकाना नव्हता. सोन्यावर नाव कोणाचं आहे, हे लिहायची सोयच नव्हती. आणि नाव, खूण, छाप असं काहीतरी पुष्कळ डागांवर असायचं. बोरमाळेच्या फाशावर सराफाच्या पेढीची दोन अक्षरं, गिन्नीवर राणीचा चेहरा, जुन्या पुतळीवर कुठल्याशा माणसांच्या आकृत्या. कर्ज वजनावर आणि कसावर मिळतं, नावावर मिळत नाही, हे बरोबरच होतं. पण त्यामुळे मला एक खोड लागली. मी सोनं पाहायचे, डाग पाहायचेच नाही.

ही खोड मला घरी महागात पडली. माझ्या आजीची पुतळ्यांची माळ आईकडून माझ्याकडे आली होती. मुलीच्या लग्नात ती मी मोडली आणि त्या सोन्याच्या बांगड्या केल्या. सराफाने वजन केलं, घट धरली, हिशेब चोख दिला. तक्रारीला जागा नव्हती. त्यातली एकच पुतळी वाचली, कारण ती माळेत नव्हतीच. आजीने ती लक्ष्मी म्हणून देवघरात ठेवलेली, तीच पुढे माझ्या देव्हाऱ्यात आली. निवृत्तीनंतर एका दिवाळीत देव घासताना ती मी प्रथमच भिंगाखाली धरली. लक्ष्मी कुठेच दिसेना! एक उभा दाढीवाला पुरुष, त्याच्यासमोर गुडघे टेकलेला दुसरा टोपीवाला, दोघांच्या मध्ये झेंड्याची काठी. मागच्या बाजूला ताऱ्यांनी भरलेल्या लंबगोलात आणखी एक उभी आकृती. कडेने अक्षरांसारखं काही होतं, पण वाचायला जावं तर ती कुठल्याच लिपीतली नव्हेत, नुसत्या उभ्या-आडव्या रेघा.

मग पुस्तकं धुंडाळली, जाणकारांना विचारलं, तेव्हा कळलं की आपली पुतळी मूळची इटलीतल्या व्हेनिस शहराची. तिथे १२८४ पासून डुकाट नावाचं सोन्याचं नाणं पाडत. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शंभर नंबरी. उभा पुरुष म्हणजे त्या शहराचा रक्षक संत मार्क आणि गुडघे टेकलेला म्हणजे व्हेनिसचा निवडून आलेला प्रमुख, ज्याला तिकडे डोज म्हणत. त्या त्या डोजचं नाव कडेने कोरलेलं असे. नेपोलियनने १७९७ मध्ये ते राज्य बुडवलं तोपर्यंत, पाचशे वर्षांहून अधिक काळ, नाण्याचं रूप जवळजवळ तेच राहिलं. मिरी, मसाले आणि कापड यांच्या मोबदल्यात हे नाणं तांबड्या समुद्राच्या आणि इराणच्या आखाताच्या वाटेने आपल्याकडे येत राहिलं. त्यावरची माणसं पाहून लोकांनी त्याला पुतळी म्हटलं. पुढे मागणी इतकी वाढली की आपल्या सोनारांनी स्वतःचे ठसे कोरून तशाच पुतळ्या पाडायला सुरुवात केली. परकी लिपी त्यांना वाचता येत नव्हती. त्यांनी अक्षरांचं नुसतं रूप उचललं, आणि ठशामागून ठसा होत त्या अक्षरांच्या रेघा झाल्या. माझ्या देव्हाऱ्यातली पुतळी अशाच एका अनामिक सोनाराच्या हातची. त्याने आपलं नाव कुठेही कोरलं नाही. पण ती चुकलेली अक्षरं हीच त्याची सही म्हणायची.

तेव्हापासून सोन्यावरच्या नावाचा विषय मनात आला की मला जिजाऊ आठवतात. सिंदखेडराजा आमच्या शाखेपासून जवळ. रविवारी मी तिथे जाऊन बसायची. लखुजी जाधवरावांचा राजवाडा, रंगमहाल, मोती तलाव, मूर्तींनी नटलेली पुतळा बारव, सगळं पाहून झालं होतं. पण जिजाऊंचं आयुष्य मी सोन्याच्या बाजूने कधी पाहिलं नव्हतं. ते पाहिलं, आणि परिचयाच्या प्रसंगांना वेगळाच उजाळा मिळाला.

१२ जानेवारी १५९८ हा जिजाऊंचा जन्मदिवस मानला जातो. दरवर्षी त्या दिवशी सिंदखेडराजाला माणसांचा पूर लोटतो. वडील लखुजी जाधवराव सिंदखेडचे देशमुख आणि निजामशाहीतले बडे सरदार, घराणं देवगिरीच्या यादवांशी नातं सांगणारं. आई म्हाळसाबाई. घरात दागदागिन्यांना तोटा नसणार. पण त्या काळी दख्खनमधल्या सराफाच्या गादीवर काय काय येत होतं ते पाहा. विजयनगरचं साम्राज्य १५६५ च्या लढाईत मोडलं, तरी तिथल्या देवराय, अच्युतराय या राजांच्या नावाचे होन बाजारात फिरतच होते. उत्तरेकडून फारसी अक्षरांच्या मोगली मोहरा येत. समुद्राकडून व्हेनिसच्या पुतळ्या येत. प्रत्येकाचं वजन वेगळं, कस वेगळा, आणि त्याप्रमाणे सराफाचा बट्टा वेगळा. पारखून झालेल्या नाण्यावर सराफ आपली बारीकशी खूण ठोकून ठेवत, एखादा ठिपका, एखादी चंद्रकोर, एखादं फूल. बुडालेल्या राज्याचं नाव, दूरच्या बादशहाचं नाव आणि सातासमुद्रापलीकडच्या शहराच्या प्रमुखाचं नाव, अशा नावांचं सोनं एकाच माळेत ओवता येत होतं. इथल्या मातीतल्या, हयात असलेल्या मराठी राजाचं नाव मात्र कुठल्याच सोन्यावर नव्हतं. असा राजाच नव्हता.

जी गोष्ट सोन्याची तीच तलवारीची. लखुजीराव निजामशहासाठी लढत, मध्यंतरी मोगलांकडे जाऊन पुन्हा निजामशाहीत आले. वेरूळच्या मालोजीराजे भोसल्यांचे पुत्र शहाजीराजे यांच्याशी जिजाऊंचं लग्न लहान वयातच झालं. रंगपंचमीच्या खेळात ही सोयरीक बोलली गेली, अशी कथा सिंदखेडला आजही रंगमहालाकडे बोट दाखवून सांगतात. पुढे खंडागळ्यांचा हत्ती बिथरल्याच्या निमित्ताने जाधव आणि भोसले एकमेकांवर तुटून पडले आणि दोन्ही घरांतली तरणीताठी माणसं गेली. माहेर आणि सासर समोरासमोर उभं राहिलेलं जिजाऊंनी पाहिलं.

याहून मोठा घाव पुढेच होता. जुलै १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात, भर दरबारात, निजामशहाच्या माणसांनी लखुजीरावांना ठार केलं. त्यांच्याबरोबर अचलोजी आणि राघोजी हे मुलगे आणि यशवंतराव हा नातूही गेला. ज्याची चाकरी केली त्यानेच घराणं कापलं. जिजाऊ त्या वेळी गरोदर होत्या. सात महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. दुसऱ्याच्या नावाचा शिक्का आपल्या आयुष्यावर मारून घेतला की काय होतं, हे या बाईला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज उरली नव्हती.

त्याच सुमारास दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. शहाजीराजांच्या जहागिरीतलं पुणं आदिलशाही फौजेने जाळलं आणि तिथे गाढवाचा नांगर फिरवला. निजामशाही १६३६ मध्ये संपली, शहाजीराजे आदिलशाहीत गेले आणि त्यांची नेमणूक कर्नाटकात झाली. थोरले पुत्र संभाजीराजे वडिलांजवळ राहिले. धाकट्याला घेऊन जिजाऊ उजाड पुण्यात आल्या. गाढवाचा नांगर फिरलेल्या त्या जमिनीवर त्यांनी बाळ शिवाजीच्या हातून सोन्याचा नांगर फिरवला, असं परंपरा सांगते.

ही कथा मी शाळेत ऐकली तेव्हा मला ती राजवैभवाची वाटली होती. सोनेतारणाची पाकिटं बांधता बांधता तिचा दुसरा अर्थ लागला. सोनं मऊ असतं, त्याने जमीन नांगरली जात नाही. पण पळून गेलेल्या कुणब्यांना परत बोलवायचं तर त्यांच्या हातात काहीतरी द्यावं लागतं, आणि रिकाम्या गावात देण्यासारखा असतो फक्त शब्द. तो शब्द खरा आहे हे पटावं म्हणून जिजाऊंनी सोनं मातीत उतरवलं. आम्ही लोकांचं सोनं तारण घेऊन पैसे द्यायचो. इथे राज्य करणाऱ्या बाईने आपलंच सोनं लोकांपुढे तारण ठेवलं होतं.

पुण्यात गावं वसू लागली, तंटे येऊ लागले, निवाडे होऊ लागले. १६४६ मध्ये रांझ्याच्या पाटलाने एका स्त्रीवर बदअंमल केला, तेव्हा त्याचे हातपाय तोडण्याची शिक्षा झाली. त्या पत्रावर शिवाजी महाराजांची संस्कृत मुद्रा उमटलेली आहे. आसपासच्या दरबारांतून फारसी शिक्के चालत असताना या मुलाची मुद्रा संस्कृतात आहे, आणि तीत शहाजीराजांचा पुत्र म्हणून त्याची ओळख आहे. म्हणजे नाव आधी कागदावर आलं. सोन्यावर यायला अजून अठ्ठावीस वर्षं होती.

त्या अठ्ठावीस वर्षांत जिजाऊंनी काय काय सोसलं त्याची मोजदाद करवत नाही. थोरले संभाजीराजे कनकगिरीच्या वेढ्यात पडले. प्रतापगड, पन्हाळा, लाल महाल, एकेका प्रसंगात धाकटा मुलगा मृत्यूच्या दारातून परत आला. जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरत मारली आणि अपार संपत्ती आणली. त्याच महिन्यात तिकडे कर्नाटकात होदिगेरीजवळ शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे गेले. जिजाऊ सती जायला निघाल्या होत्या, महाराजांनी हट्टाने त्यांना मागे फिरवलं.

वर्षभराने, ६ जानेवारी १६६५ रोजी, सूर्यग्रहणाच्या पर्वावर महाराजांनी महाबळेश्वरी आईची सुवर्णतुला केली. वृद्ध सोनोपंत डबीर यांचीही त्याच वेळी तुला झाली. एका पारड्यात जिजाऊ, दुसऱ्यात सोनं. तुलेत सोन्याला नाव नसतं, वजन असतं. होन असो, मोहर असो की पुतळी असो, पारड्यात पडली की ती आईच्या भारोभार दानाची झाली. हे चित्र मनात आलं की आमच्या शाखेतला काटा आठवतो. त्या काट्यावरही सोन्याचं नाव पुसलं जायचं, पण ते गरजेपोटी. इथे ते कृतज्ञतेपोटी पुसलं गेलं.

तुलेनंतर सहाच महिन्यांत पुरंदरचा तह करावा लागला. तेवीस किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख मोगलांना गेला. हाती उरले बारा किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख. पुढच्या वर्षी महाराज आग्र्याला गेले आणि कैदेत अडकले. त्या महिन्यांत मागे राज्याला आधार होता तो साठी ओलांडलेल्या आईसाहेबांचा. महाराज ऑगस्ट १६६६ मध्ये निसटले आणि सुखरूप परतले. मग एकेक करून गेलेले किल्ले परत घेण्यात आणखी काही वर्षं गेली.

आणि ६ जून १६७४ उजाडला. रायगडावर राज्याभिषेक झाला. गागाभट्टांचे मंत्र, सोन्याचं सिंहासन, छत्र, चामरं, यांचं वर्णन आपण पुष्कळदा वाचलं आहे. मला त्या सोहळ्यातली एक इवलीशी वस्तू पाहावीशी वाटते. महाराजांच्या नावाचा होन निघाला. वजन तीन ग्रॅमच्याही आत. एका बाजूला तीन ओळींत श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्रपति. अक्षरं नागरी, कडेने बारीक ठिपक्यांची माळ. ना चेहरा, ना पदव्यांची लांबलचक यादी. तांब्याची शिवराईही याच अक्षरांची. ती पुढे कितीतरी पिढ्या खेडोपाडीच्या बाजारात चालत राहिली.

त्या दिवसांत मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर होता. इंग्रजांच्या मागण्यांत एक अशी होती की त्यांची नाणी महाराजांच्या मुलखात चालावीत. महाराजांनी यावर दिलेल्या उत्तराचा आशय असा होता की आपण कोणाचंही नाणं अडवत नाही, पण रयतेचं नुकसान होईल असं नाणं घेण्याची तिच्यावर सक्तीही करणार नाही. नाणं वजनाला आणि कसाला खरं असेल तर ते आपोआप चालेल. बँकेत आयुष्य गेलेल्या मला हे फार मोठं वाटतं. स्वतःच्या नावाचं सोनं पाडणाऱ्या राजाने त्याच दिवसांत हेही सांगितलं की नाव पुरेसं नसतं, आतलं सोनं खरं लागतं. ही समज एका दिवसात येत नाही. सोन्याचा नांगर फिरवणाऱ्या हातांनी ती बाळपणीच पेरली असणार.

जिजाऊंनी तो होन तळहातावर घेतला असेल. पंचाहत्तरी ओलांडलेली दृष्टी, अक्षरं बारीक. तरी बोटाने चाचपूनही ती तीन ओळींची अक्षरं लागली असतील. रायगडावरचा गार वारा सोसत नाही म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी पायथ्याला पाचाडला वाडा बांधला होता. राज्याभिषेकानंतर अकराच दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, त्याच पाचाडला त्यांनी देह ठेवला. समाधीही तिथेच आहे.

पुढे सभासदाने आपल्या बखरीत महाराजांच्या खजिन्यातल्या नाण्यांची जंत्री दिली. तीत मोहरा आहेत, पुतळ्या आहेत, देवराई, अच्युतराई, रामचंद्रराई होन आहेत, आणि त्यांच्याच रांगेत शिवराई होनही आहे. जिजाऊंच्या बालपणी त्या रांगेत ही जागा रिकामी होती.

आज हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आपल्या घराघरांतले जुने डाग झपाट्याने मुशीत जात आहेत. सोन्याचा भाव चढला की सराफाकडे मोड घालणाऱ्यांची रांग लागते, आणि गरज असेल तर मोडावंच लागतं, त्यात लाज नाही. पण मोडण्यापूर्वी भिंग घेऊन पाच मिनिटं उजेडात बसावं. पुतळी असेल तर कडेची अक्षरं पाहावीत. रोमन लिपीत नीट वाचता येणारं नाव आणि काठीलगतची उभी तीन अक्षरं असतील तर ती व्हेनिसची असू शकते. अक्षरांच्या रेघा झाल्या असतील तर ती इकडच्या सोनाराच्या हातची. पत्रा पातळ आणि एकाच बाजूने दाबलेला असेल तर ती नाण्यावरून बेतलेली निव्वळ दागिन्याची पुतळी. होन असेल तर हुरळून जाऊ नये. महाराजांचे अस्सल होन फार थोडे उरले आहेत आणि नकली पुष्कळ, तेव्हा नाण्यांच्या जाणकाराला दाखवल्याशिवाय निर्णय करू नये. गिन्नी असेल तर घोड्याच्या पायाखालची जमिनीची रेघ निरखावी. तिथे इंग्रजी आय हे इवलं अक्षर आणि साल १९१८ असेल, तर ती गिन्नी लंडनची नसून आपल्या मुंबईच्या टांकसाळीत पडलेली आहे. मण्यांच्या माळेत फासा आणि कडी तपासावी, सराफाची छाप बहुधा तिथेच असते. आणि काही झालं तरी जुना डाग घासूनपुसून लखलखीत करू नये. झीज आणि डाख यांवरूनच तर त्याचं वय कळतं.

आता नव्या सोन्याची सोय सरकारने लावली आहे. भारतीय मानक ब्युरोचं हॉलमार्किंग सोन्यासाठी २००० मध्ये सुरू झालं आणि २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं. आता डागावर ब्युरोचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षरी-अंकी क्रमांक असतो. बावीस कॅरटला ९१६. पूर्वी सराफाची स्वतःची खूणही वेगळी उमटवत, आता ती माहिती त्या क्रमांकातच सामावली आहे, मोबाइलवर पाहता येते. गिऱ्हाईक फसत नाही हे फार चांगलं झालं. कसोटी आणि तेजाबाच्या काळात आम्हालाही अशी खात्री हवीच होती. पण हा क्रमांक नव्या सोन्याचा. आजीच्या डागाचा क्रमांक कुठल्याही यंत्रात नाही. तो वाचायचा असेल तर आपणच वाचायचा.

माझी मुलगी परवा त्या बांगड्या घालून आली होती. छान दिसतात, मी तसं म्हटलंही. मग तिला देव्हाऱ्यापाशी नेलं, पुतळी हातावर ठेवली, भिंग दिलं आणि ही सगळी हकीकत सांगितली. तिने एका वहीत लिहून घेतलं: पुतळी, एक, आजीच्या आईची, अक्षरं चुकलेली. आमच्या बँकेच्या रजिस्टरात नसलेला रकाना तिने असा आपल्या हाताने आखला.